वास कुणाच्या नाकाला आला?

कथा लिहायला लागले तेव्हा माझ्या वर्णनांत डोळेच तेवढे काम करायचे. पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईची एक कथा मी दिवाळी अंकाला पाठवली होती. त्यात वाक्य होतं, ‘गिरणीत प्रचंड आवाज होता आणि ताज्या पिठाचा वास दरवळत होता.’ कथा परत आली. त्या वाक्याखाली रेघ मारून संपादकांनी समासात लिहिलं होतं, ‘कुणाला?’

आठवडाभर तो शब्द डोक्यातून जाईना. मग घराजवळच्या गिरणीत दोन दुपारी जाऊन बसले. पहिल्या दिवशी मोबाइलवर चित्रण केलं. घरी पाहते तर नुसती पांढरी धूळ आणि घरघर. दुसऱ्या दिवशी वही नेली. गिरणीवाले काका माझ्याशी बोलत होते, पण कान दगडांकडे होता. दळण संपत आलं की घरघर बदलते. दगडावर दगड घासायच्या आत, मान न वळवता काका पुढचा डबा ओतायचे. माझा ‘प्रचंड आवाज’ तिथेच गळून पडला.

खरी गंमत ज्वारीच्या पिठात होती. काका ते चिमटीत धरून अंगठ्याने चोळतात, जाड आलंय की बारीक ते बघतात. डबा न्यायला आलेल्या मुलीला त्याची ऊब कमरेला लागते, कारण डबा तिने कडेवर घेतलाय. आणि घरी भाकरी थापणाऱ्या आजीला काळजी विरीची. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. पीठ जुनं झालं की ती जाते आणि भाकरीला कडेने चिरा पडतात. पीठ एकच, पण तिघांना ते वेगळं लागतं. नव्याने लिहिणाऱ्यांना मी हेच सांगते : आधी माणूस ठरवा, त्याला त्या क्षणी काय हवंय ते ठरवा, मग त्याच्या नाका-कानांना कामाला लावा.

पुढचा खर्डा मात्र मी बिघडवला. गिरणीत टिपलेलं सगळं कोंबलं, प्रत्येक परिच्छेदात पाचही इंद्रियं. वाचताना माझीच दमछाक झाली. चौदा तपशील होते, तीन ठेवले.

शब्दांचंही सांगायला हवं. ‘छान वास’, ‘घाण वास’ यांवर आपण फार लवकर थांबतो. मराठीत जुन्या खोबऱ्याला खवट, बंद खोलीला कुबट, तळाशी लागलेल्या दुधाला करपट वास येतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर मोफत चाळता येते. मी तिथून असे शब्द वहीत उतरवून घेते. पण वाक्यात घालण्याआधी तो शब्द माझ्या पात्राच्या तोंडी शोभेल का, हे मोठ्याने म्हणून बघते.

त्या कथेत आता सुरुवातीला आवाजच नाही. नवरा गेल्यावर पंधरा दिवसांनी बाई गिरणीचं दार उघडते. त्याचं शेवटचं दळण तोंडाशी तसंच साचलेलं असतं. ती सवयीने चिमूट घेते. गिरणीतलं पीठ हाताला गार लागायची तिची ती पहिलीच वेळ.