इअरफोनचा आवाज सुधारायचाय? आधी कानात बसणाऱ्या रबरी टिप्स आणि कागदी टेप घेऊन बसा

नवीन इअरफोन ऑर्डर करण्याआधी हे करून बघा, कारण हजाराच्या आतल्या वायरवाल्या इअरफोनचा ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग) पण बऱ्याचदा ठीकठाक असतो, गडबड असते ती कानात बसण्यात आणि आतली हवा कुठून कशी ये-जा करते त्यात. सोल्डरिंग वगैरे काही नाहीये यात, सगळं परत पहिल्यासारखं करता येतं. फक्त एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

आधी ऐकायला काय लावणार ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. पुण्यात ढोल-ताशाला तोटा नाही, ढोलाच्या ठोक्यावर बास म्हणजे जाड आवाज कळतो आणि ताशावर ट्रेबल म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज (मिरवणुकीत मोबाइलवर काढलेलं नको, त्यात माइकच फाटलेला असतो, नीट रेकॉर्ड केलेलं घ्या). दुसरं म्हणजे साधं बोलणं, एखादी मुलाखत, त्यात स, श, च टोचतात का ते बघायचं.

मग नॉझलच्या (आवाज जिथून कानात जातो ती छोटी नळी) तोंडावरची जाळी साफ करा. एका बाजूने आवाज कमी येतोय अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा मळच असतो. टिप (नॉझलवरची रबरी किंवा फोमची टोपी) काढायची, जाळीचं तोंड खाली धरायचं म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो, आणि कोरड्या मऊ ब्रशने हळू झटकायचं. पाणी नको, सुई नको, आणि तोंडाने फुंकर तर नकोच.

आता टिप्स, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. टिप कानाला सगळीकडून चिकटली नाही की बास बाहेर निघून जातो आणि मग आपण म्हणतो इअरफोन पातळ वाजतोय. गाणं चालू ठेवून दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा, बास एकदम वाढला तर टिप छोटी पडतेय. दोन्ही कान एकसारखे असतीलच असं नाही, डाव्याला मिडियम आणि उजव्याला लार्ज लावायला काहीच हरकत नाही. सुट्या टिप्स ऑनलाइन मिळतात, नाहीतर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत चक्कर मारा आणि आपला इअरफोन बरोबर न्या, कारण नॉझलची जाडी वेगवेगळी असते. फोमच्या टिप्स बाहेरचा आवाज छान अडवतात आणि ट्रेबल जरा मऊ करतात, मोठ्या भोकाच्या सिलिकॉन टिप्सने आवाज सहसा उजळ वाटतो. इअरफोन किती आत घालता त्यानेही फरक पडतो, आठ किलोहर्ट्झच्या आसपास एक टोचणारा उंचवटा बऱ्याच जणांना ऐकू येतो, तो कानाच्या नळीतल्या हवेमुळे असतो, इअरफोन अजून आत गेला की वर सरकतो आणि कमी खुपतो.

एवढं करून समाधान नसेल तर टेप. मेडिकलमध्ये मायक्रोपोर मागा, जखमेच्या पट्टीवर लावतात ती कागदी टेप, तिच्यातून थोडी हवा जाते म्हणूनच ती कामाची. इअरफोनच्या अंगावर बारीक भोकं असतात. कानाकडच्या बाजूचं, नॉझलजवळचं भोक झाकलं की साधारणपणे बास वाढतो. मागच्या बाजूचं झाकलं की बहुतेक उलटं, बास आवळला जातो. मायक्रोपोरने अर्धवट झाकलं जातं, साध्या सेलोटेपने पूर्ण बंद, म्हणून आधी मायक्रोपोर. पुढचं भोक बंद केल्यावर इअरफोन कानात घालताना टिक असा आवाज येऊ शकतो, आतला पडदा हवेच्या दाबाने वाकतो त्याचा आवाज तो, असं झालं तर टेपला सुईने बारीक भोक पाडा, पण टेप इअरफोनवरून काढून मग पाडा. भोकंच दिसत नसतील तर या पायरीचा विषय संपला.

ट्रेबल टोचत असेल तर टिप काढून मायक्रोपोरचा छोटा तुकडा जाळीवर लावा, कडा नॉझलच्या बाजूने खाली दुमडून वरून टिप चढवा म्हणजे तुकडा सुटून कानात जायचा नाही. पूर्ण जाळी झाकून आवाज दबल्यासारखा झाला तर अर्धीच झाका. आधी एकाच बाजूला लावा, फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू करा म्हणजे दोन्हीकडे तेच वाजेल, आणि दोन्ही बाजू एकाच कानात आलटून पालटून ऐका, फरक लगेच समजतो. नॉइज कॅन्सलिंगवाल्या वायरलेस बड्सवर मात्र यातलं टेपचं काही करू नका, त्यातली काही भोकं माइकची असतात, ती झाकली की कॅन्सलेशनच बिघडतं.

केबल बदलून आवाज सुधारतो म्हणतात, साध्या एका ड्रायव्हरच्या इअरफोनला मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. केबल तुटली तर बदला.

सगळ्यात शेवटी इक्वलायझर (आवाजाचा कुठला भाग किती कमी-जास्त करायचा ते ठरवणारं ॲप), टिप आणि टेप पक्की झाल्यावरच. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ. जे खुपतंय ते दोन-तीन डेसिबलने कमी करा, वाढवायची घाई नको, आणि एखादा भाग चार डेसिबल वाढवलाच तर प्रीॲम्प (त्याच ॲपमधली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली आणा नाहीतर आवाज फाटतो. हे सेटिंग त्या फोनमध्येच राहतं, इअरफोनमध्ये नाही, त्यामुळे मित्राला ऐकवायचं असेल तर आपलाच फोन द्या, त्याच्या फोनला लावला की टिप आणि टेपचा फरक तेवढा राहील, बाकीचा गायब.