स्वीडनला निघालात? आधी नंबर, मग भाषा, मग धुणं

नवऱ्याच्या नोकरीपायी सहा वर्षं गोथेनबर्गला काढून मी आता परत सोलापूरच्या साखर पेठेत आलेय. तिकडे निघालेल्या पोरी शेंगा चटणी किती न्यावी ते विचारायला येतात. चटणी न्याच, पण लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा मूळ दाखला हातातल्या बॅगेत ठेवा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नसेल तर इथेच दुरुस्त करून घ्या.

उतरल्यावर पहिलं काम स्कात्तेवेर्केत. आहे कर खातं, पण रहिवाशांची नोंदही तेच ठेवतं. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर तिथून पर्सोननुम्मेर, म्हणजे आपला ओळख नंबर मिळतो. तो हातात नाही तोवर बँकेपासून सगळं अडतं. शाळेत मुलांना जेवण फुकट, डब्याची कटकट नाही. तिथे मूल झालं तर आईबापांना मिळून 480 दिवसांची रजा. त्यातले 90 फक्त बापाचे, आईच्या नावावर करता येत नाहीत. नवऱ्याला विमानातच सांगून ठेवा.

आता आमची चूक. एवढा कर कापतात, म्हणजे नोकरी गेली तर सरकार बघेलच, असं धरून चाललो. गेली तेव्हा कळलं, पगाराच्या हिशोबात भत्ता हवा तर आ-कास्साचं, म्हणजे बेकारी विम्याच्या निधीचं सभासद आपणच व्हायचं असतं, दरमहा वर्गणी भरून. पहिल्या पगारालाच व्हा.

बाहेरून आलेल्यांसाठी स्वीडिश भाषेचे एसएफआय वर्ग फुकट असतात. सगळ्यांना इंग्रजी येतं म्हणून मी दोन वर्षं टाळले. माझे आजोबा तेलंगणातून सोलापूरला मागावर विणकाम करायला आले. घरात आजही तेलुगूच, पण मराठी ते मंगळवार बाजारात भांडून भांडून शिकले. मला तिथे भांडायलाही येत नव्हतं.

इमारतीच्या तळघरात सगळ्यांचं मिळून एक धुण्याचं घर, त्वेत्तस्तुगा. फळ्यावर आपल्या वेळेला आपलं छोटं कुलूप लावायचं. एकदा मी सोलापुरी चादर धुतली. जाडजूड ती, वाळता वाळेना. दहा मिनिटं जास्त झाली आणि खालच्या मजल्यावरच्या आजी टोपली घेऊन दारात उभ्या. मला एकच शब्द येत होता: फोरलोत, माफ करा. त्यांनी चादरीचं टोक बोटांनी चुरगाळून पाहिलं आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. वाटलं, रागावल्या. सोमवारी वर्गात नाव घातलं. वर्षभराने त्यांनीच सांगितलं, तेव्हा विचारत होत्या, ही मिळते कुठे?

चादर नेणार असाल तर वाळवण्याची वेळ दुप्पट धरा.