ढग आला की सोलर ट्रॅकरची मोटर थरथरते? माझा अनुभव

सोलर ट्रॅकर म्हणजे सोलर पॅनेल सूर्याकडे वळवत राहणारी यंत्रणा. कडक उन्हात माझं पॅनेल नीट फिरायचं. ढग आला की मोटर सारखी पुढे-मागे. एलडीआर (उजेड मोजणारे छोटे सेन्सर) बदलले, कपॅसिटर लावले, फरक शून्य. डोकं उठलं होतं.

जमलं ते असं. आधी दोन्ही एलडीआरच्या मधोमध उभी काळी पट्टी लावली, म्हणजे ऊन तिरकं झालं की एकावर सावली पडते. मग पॅनेल सूर्यासमोर धरून दोघांच्या आकड्यांत जो फरक उरला तो कोडमध्ये वजा केला. त्यानंतर अट घातली: आर्डुइनोच्या (सेन्सर वाचून मोटर चालवणारा छोटा बोर्ड) 0 ते 1023 मापात फरक 40 च्या आत असेल तर मोटर हलवायचीच नाही. (40 माझ्या एलडीआरला चाललं, तुमचा आकडा बघून ठरवा.) शेवटी तपासणी दर 5 मिनिटांनी एकदाच. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे 5 मिनिटांत जेमतेम सव्वा अंश; तेवढ्याने विजेत जाणवण्याइतकी घट होत नाही.