अनंत चतुर्दशीनंतर फुटलेले बांबूचे कोंब: कोणता ठेवावा, कोणता काढावा

मुंबई, ठाणे, वसई या पट्ट्यात बांबूला कोंब फुटण्याचा खरा हंगाम जूनअखेर ते ऑगस्ट. गणपती गेल्यावर जमिनीतून डोके वर काढणारा कोंब उशिराचा समजावा. बांबूच्या बेटात, म्हणजे एकत्र वाढलेल्या काठ्यांच्या पुंजक्यात, असे चार-पाच कोंब दिसले की बागायतदार खूश होतो, पण ही सगळी जमेची बाजू नसते. कोंबाला पान नसते. उंची गाठून फांद्या फुटेपर्यंत तो आजूबाजूच्या काठ्यांनी कंदात साठवलेल्या अन्नावर वाढतो. म्हणजे प्रत्येक उशिराचा कोंब पुढच्या जूनच्या फुटव्यातून उचल घेत असतो.

तारखांचे गणित साधे आहे. मुंबईतून मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. काठीला पूर्ण उंची गाठायला दोन ते तीन महिने लागतात. २० सप्टेंबरला निघालेल्या कोंबाला जेमतेम तीन आठवडे पावसाची ओल मिळते आणि पुढे ऑक्टोबरचे ऊन लागते. मुरमाड किंवा भरावाच्या जमिनीत ही ओल आठ-दहा दिवसांतच उडते. शिवाय काठीची जाडी कोंब जमिनीबाहेर येतानाच ठरलेली असते. नंतर कितीही खत घातले तरी बारीक कोंबाची जाड काठी होत नाही.

उपाय करण्याआधी कोंब उशिरा का आले ते शोधा. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने मोठी उघडीप दिली असेल, तर थांबलेले डोळे परतीच्या पावसावर फुटतात. यात बेटाचा दोष नाही. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये युरिया टाकला असेल, तर कारण तो युरियाच. तिसरे कारण सर्वात वाईट: आदल्या हिवाळ्यात कोवळ्या काठ्या तोडलेल्या असतात. नवा फुटवा मुख्यतः एक-दोन वर्षांच्या काठ्यांच्या कंदावरून येतो. मांडवासाठी बाहेरच्या कडेच्या सरळ, हिरव्यागार काठ्या कापून नेल्या आणि मधल्या जुन्या तशाच ठेवल्या, तर बेट वेळेवर आणि जोमाने फुटणार कुठून? लागवडीला तीन वर्षे झालेली नसतील, तर मात्र काळजी नको. लहान रोपे पाणी मिळेल तसे वर्षभर पेन्सिलीएवढे कोंब काढत राहतात. ते सगळे ठेवा, त्यांच्या पानांवरच बेटाची ताकद वाढते.

मोठ्या बेटात निवड ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करावी. आधी कोंब जिवंत आहे का ते बघा. पहाटे सात वाजण्याच्या आत गेलात तर वाढत्या कोंबाच्या कोषांच्या (त्याला गुंडाळलेल्या आवरणांच्या) टोकांवर पाण्याचे थेंब दिसतात. सलग तीन दिवस थेंब नसतील, कोषाचे टोक वाळत असेल आणि आठवड्यात बोटभरही वाढ नसेल, तर तो कोंब बेटाने सोडून दिला आहे. असे काही कोंब दरवर्षी आपोआप मरतात. जिवंत कोंबांपैकी बेटाच्या मध्यभागी आलेले, भिंतीकडे किंवा गटाराकडे वळलेले आणि जुलैच्या कोंबांच्या निम्म्याहून बारीक असलेले काढून टाका. बाहेरच्या कडेचे, जाड आणि सरळ असे दोन, फार तर तीन ठेवा. काढायचा कोंब २०-३० सेंटीमीटरचा असतानाच पहारीने जमिनीखाली तोडावा. कमरेएवढा वाढू दिला तर बेटाचे अन्न खर्च होऊन बसलेले असते.

ठेवलेल्या कोंबाला मुख्यतः दोन गोष्टी लागतात, ओल आणि आधार. पाऊस थांबल्यावर मोठ्या बेटाला दर आठ-दहा दिवसांनी ५०-६० लिटर पाणी द्यावे आणि फांद्यांना पाने येईपर्यंत, साधारण डिसेंबरअखेरपर्यंत, ते चालू ठेवावे. बेटाखाली बांबूचीच वाळलेली पाने १० सेंटीमीटर जाडीने पसरू द्या. सोसायट्यांमध्ये ही पाने झाडून कचऱ्यात जातात. त्यांच्याबरोबर काठीला कडकपणा देणारी सिलिकाही जाते, आणि मग तीच सोसायटी खत विकत आणते! नत्र आता अजिबात नको. त्याने काठी लुसलुशीत, पातळ भिंतीची होते. बेटापासून अर्धा मीटरवर उथळ चर काढून १०० ते १५० ग्रॅम पालाशयुक्त (पोटॅशचे) खत ओल्या मातीत द्यावे. गोराई, मनोरी, वर्सोव्याकडे जमीन किंवा बोअरचे पाणी खारट असेल, तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, नाहीतर क्लोराइडची भर पडून पानांची टोके आणखी करपतात.

परतीच्या पावसाआधी सुटणाऱ्या वाऱ्यात कोवळे शेंडे मोडतात. दोन पक्क्या काठ्यांना इंग्रजी आठच्या आकाराचा सैल वेढा सुतळीने द्यावा आणि शेंड्याला हात लावू नये. शेंडा मोडलाच तर उंची थांबते, पण काठी मरत नाही. मोडलेला भाग खालच्या पेराच्या (गाठीच्या) लगेच वर कापा. पेराच्या वर नळी शिल्लक राहिली की तिच्यात पाणी साचते आणि डेंग्यूच्या डासांना आयती जागा मिळते. मुंबईत हे विसरून चालत नाही. जुन्या बुंध्यांच्या अशा वाट्या आजच वाळूने भरून टाका.

सर्वात जास्त चूक होते ती जानेवारीत. उशिराची काठी उंच होते, पण थंडी पडली की फांद्या न काढताच थांबते. बिनपानाचा सरळ दांडा दिसला की माळी ‘मेली’ म्हणून कोयता चालवतो. आधी पेरावरचा डोळा नखाने खरवडून बघा. आत हिरवा किंवा पांढरट ओलसर असेल तर काठी जिवंत आहे, उष्मा वाढला की एप्रिल-मे ते पावसाळा या काळात फांद्या फुटतील. डोळा तपकिरी, कोरडा आणि काठी सुरकुतलेली असेल तरच काढा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोवळ्या काठीवर पांढरा लोकरी मावा बसतो, त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. उरला तर एका लिटरला ५ मिलि निंबोळी तेल आणि १ मिलि द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारा. कोंबाला भोक, त्यातून आंबूस रस आणि आत जाड अळी असेल, तर तो सोंड्या भुंगा. असा कोंब कापून जाळावा, खतखड्ड्यात टाकू नये. अळी मातीत उतरून पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोषात राहते, म्हणून फेब्रुवारीत बुंध्याभोवतीची माती हलकी खणून उन्हात उघडी करावी.

गच्चीवरच्या ड्रममध्ये उशिरा कोंब आले तर ड्रम आता बदलू नका, ते काम मेअखेर करावे. वरच्या मातीत ३०० ग्रॅम गांडूळखत पुरे.

काढलेले निरोगी कोंब फेकायचे कारण नाही. पावसाळ्यात रानभाज्यांबरोबर बाजारात येणारे वास्ते म्हणजे हेच. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, शेंड्यात जास्त. सोलून पातळ काप करा, रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी फेका, मग झाकण न ठेवता वीसेक मिनिटे उकळून तेही पाणी फेका. कडवटपणा राहिला तर पुन्हा उकळा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतले कोंब मात्र तोडू नका, तो गुन्हा आहे.

राखलेल्या काठीवर छातीच्या उंचीवर ऑइल पेंटने वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि पुढे ‘उ’ लिहा. हंगामातली काठी तीन वर्षे पूर्ण झाल्यावर तोडतात, ‘उ’ची चार वर्षांनी तोडावी. अपक्व काठीत पिष्ट जास्त असते आणि तिला भुंगेरा लागून पीठ पडते.