तिसऱ्या टर्नला दोनच लँडवर अडकणारी डेक: माझा अनुभव

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांसारख्या कार्ड गेमच्या माझ्या ६० कार्डांच्या डेकमध्ये २० लँड (माना, म्हणजे बाकीची कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा, देणारी कार्डं) होते, आणि दर दुसऱ्या गेमला दोन लँडवर अडकून हातातली महागडी, म्हणजे जास्त माना लागणारी, कार्डं नुसती धरून बसायचो. जाम वैताग यायचा. जास्त शफल करून पाहिलं, जास्तीची कार्डं ओढू देणारे स्पेल टाकले, पण तेही खेळायला माना हवाच ना, त्यामुळे फरक शून्य.

शेवटी आधी पाच किंवा त्याहून जास्त माना लागणारी चार कार्डं काढली, मग त्या जागी चार लँड टाकून २४ केले. सुरुवातीच्या सात कार्डांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता साधारण २५ टक्क्यांवरून १४ वर आली. तरी एक लँड आला तर सरळ मुलिगन, म्हणजे हात बदलायचा: परत सात घ्यायची आणि सगळ्यात महाग कार्ड डेकच्या तळाला.