नॉर्वेतील कौटुंबिक रेकॉर्ड-वितरक कंपनीचा इतिहास कसा शोधावा

रेकॉर्डच्या वेष्टनावर गायकाचे नाव ठळक असते. वितरकाच्या वाट्याला येते ती मागील बाजूच्या तळाशी छापलेली एखादी बारीक ओळ. शोधाचा आरंभ भिंग घेऊन तिथूनच करावा. 'दिस्त्रिबुशून', म्हणजे वितरण, या शब्दापुढे कंपनीचे नाव आणि पुष्कळदा पत्ताही सापडतो. नॉर्वेत चार अंकी टपाल क्रमांक १९६८च्या मार्चमध्ये सुरू झाले आणि दूरध्वनी क्रमांक १९९३ मध्ये आठ अंकी झाले, त्यामुळे पत्त्यातले आकडे नुसते मोजले तरी वेष्टनाचा काळ बराचसा ठरतो. अर्थात हा काळ वेष्टनाच्या छपाईचा, ध्वनिमुद्रणाचा नव्हे. जुन्या वितरकाच्या नावावर नव्याची चिकटपट्टी दिसली, तर ती सोलण्याचा मोह टाळावा. व्यवसाय हातून हाती गेल्याचा तोच पुरावा असतो.

नाव हाती लागले की ब्रॉन्नॉयसुंड येथील सरकारी कंपनी-नोंदणीत ते पाहावे. तिथली स्थापनेची तारीख मात्र डोळे झाकून स्वीकारू नये, कारण वडिलांच्या एकट्याच्या मालकीचे दुकान पुढे मुलांनी भागभांडवली कंपनीत बदलले असेल, तर नोंद त्या बदलाची असते, दुकान उघडल्याची नव्हे.

खरे दुकान सापडते ते वर्तमानपत्रांतील जाहिरातींत. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रे आणि पुस्तके संगणकीकृत केली आहेत; स्वामित्वहक्क असलेली बरीच पाने भारतातून उघडत नाहीत, तरी शोधात संदर्भ मिळाला की पान कोठून मागवायचे ते कळते. ऑस्लोचे नाव १९२४ अखेरपर्यंत क्रिस्तियानिया होते, म्हणून दोन्ही नावांनी शोधावे.

कुटुंबाची मुळे धुंडाळताना आडनावांनी गोंधळ उडतो. पिढ्यानपिढ्या चालणारे आडनाव नॉर्वेत १९२३च्या कायद्याने सक्तीचे झाले. त्याआधी ग्रामीण भागात एकच माणूस कधी वडिलांच्या नावावरून, तर कधी शेतवाडीच्या नावावरून ओळखला जाई. शंभर वर्षांची गुप्ततेची मुदत संपल्यावर, २०२० मध्ये, १९२०ची जनगणना खुली झाली. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर तीत घरातील प्रत्येकाची जन्मतारीख आणि व्यवसाय पाहून कोण कोणाचा भाऊ ते पडताळावे.

वारसांना पत्र लिहिण्याची वेळ यानंतरची. त्यांच्याकडे आठवणींपेक्षा दुकानदारांना पाठवलेली दरपत्रके मागावीत. कोणत्या परदेशी कंपनीच्या रेकॉर्ड्स केव्हापासून त्यांच्याकडे आल्या, हे त्यांतच तारखेनिशी दिसते.