हिवाळ्यात साप-पाली ‘मेलेल्या’ दिसतात तेव्हा: नागपूरकरांनो, या चुका टाळा

जानेवारीत सकाळी साडेसहाला गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला अक्षरशः चावते. त्याच वेळी बोअरचा पंप सुरू केला तर येणारे पाणी कोमट लागते. कोणी तापवलेले नसते ते. जमिनीच्या पोटात शिरले की दिवसरात्रीचा फरक लवकरच संपतो आणि आणखी खाली तर ऋतूंचाही फारसा कळत नाही. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हाही बिळातल्या सापाला, मातीत रुतून बसलेल्या बेडकाला त्याची झळ आपल्याइतकी लागली नसणार. थंडी काढायची त्यांची सोय पक्की असते. घोळ होतो तो आपण मदतीला धावल्यावर.

मुळात ‘थंड रक्ताचे प्राणी’ हा शब्दच आपल्याला फसवतो. सकाळी दहाला कुंपणाच्या भिंतीवर ऊन खात बसलेल्या सरड्याचे अंग आपल्या ३७ अंशांच्या जवळपास पोचू शकते. त्याचे रक्त थंड नसते, त्याची चूल फक्त शरीराबाहेर असते. आपण पोळी-भाजी जाळून ऊब तयार करतो, तो उन्हातून घेतो. म्हणून त्याला खाणेही फार कमी लागते. उबेशिवाय मात्र त्याचे पाय चालत नाहीत, आणि पोटातले अन्नही पचत नाही. पुढच्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होतात.

हलत नाही म्हणजे मेला, असे समजणे

कॅलेंडरमागून पाल पडते आणि पडल्या जागी पडून राहते. आमच्या शेजारच्या काकूंनी अशीच एक सुपलीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकली. ऊन डब्यावर आले तशी ती टुणकन बाहेर! पालीच्या बाबतीत हा विनोद ठरतो, सापाच्या बाबतीत ठरेलच असे नाही. गारठलेल्या सापाला काठीने डिवचू नका, शेपटीला धरून तर उचलूच नका. अंग जड झालेले असले तरी तोंड चालते, आणि विषाचा थंडीशी संबंध नाही.

उलट चूकही तितकीच होते. दया येते, मग कोणी गरम पाण्याची पिशवी ठेवतो, कोणी हेअर ड्रायर धरतो. वरची कातडी भाजते आणि आतले हृदय तसेच गार राहते. सापाला दूध पाजू नका, हे तर दरवर्षी नागपंचमीला सांगून झालेलेच आहे. जागा धोक्याची नसेल तर त्याला तिथेच राहू द्या, ऊन चढले की तो आपल्या वाटेने जाईल. नुकतेच भक्ष्य गिळलेल्या सापाला छेडले तर तो ते ओकून टाकतो. थंडीत पचायला आधीच वेळ लागतो, त्यात कष्टाने मिळवलेला घासही जातो.

‘हिवाळ्यात साप नसतात’

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. घोणस, म्हणजे आपल्याकडची परड, हिचा मिलनाचा काळच मुळी थंडीत असतो. नर मादीच्या शोधात हिंडतात. म्हणून इतर साप दिसेनासे होतात तेव्हा नेमकी परड दिसते, तीही बरेचदा उन्हात निवांत वेटोळे घालून. त्याच दिवसांत अजगरही ऊन खायला बाहेर येतो. जाड अंग, तपकिरी रंग, वर डाग, एवढे पाहून ‘अजगराचं पिल्लू आहे’ म्हणत लोक उचलायला जातात. परडीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल डागांच्या ओळी असतात, अजगराचे डाग वेडेवाकडे आणि मोठे असतात. पण खरे सांगू का, ही ओळख पटवायला जवळ जायचेच कशाला? कुकरची शिट्टी अडकल्यासारखा फुत्कार ऐकू आला तर दोन पावले मागे घ्या आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

शेताकडे राहणाऱ्यांनी पऱ्हाटीच्या आणि तुराट्यांच्या ढिगात थेट हात घालू नये. शेकोटीसाठी आपण जे जळण ओढतो, तेच कुणाचे तरी पांघरूण असते. आधी काठीने ढीग हलवा, थोडे थांबा, मग घ्या. चावलाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काहीही न करता तडक मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस एकच आहे.

पालापाचोळा जाळण्याबद्दल एवढेच सांगतो: त्या ढिगाखाली भेक आणि सापसुरळ्या गारठून बसलेल्या असतात, त्यांना पळता येत नाही. ढीग कोपऱ्यात सारा, खत होईल.

फिशटँक आणि कासव

इथे माझाच गुन्हा कबूल करतो. एका थंड सकाळी गप्पी तळाशी गप्प बसलेले पाहून मी गॅसवर पाणी गरम केले आणि तांब्याभर टँकमध्ये ओतले. संध्याकाळपर्यंत निम्मे गेले. माशांना थंडीपेक्षा अचानक झालेला बदल जास्त बाधतो. हीटर लावा, साधारण लिटरला एक वॅट धरून, आणि पाणी हळूहळू २४-२६ अंशांवर आणा. पाणी बदलताना टाकीचे गार पाणी सरळ ओतू नका, बादलीत भरून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हीटरचे बटण आधी बंद करा, कारण पाण्याबाहेर उघडी पडलेली तापलेली काच तडकते. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर गारठ्यानंतर हमखास येणारा रोग समजा. गोल्डफिशला मात्र हीटर नको, तो थंड पाण्यातलाच.

लाल कानाच्या कासवाने खाणे सोडले की घरचे घाबरून जबरदस्तीने भरवतात. पाणी गार असताना पोटात गेलेले अन्न न पचता सडते. आधी ऊब द्या, मग खाऊ. टब उन्हात ठेवायचा तर अर्ध्या भागावर सावली हवी, कारण उथळ पाणी दुपारी भलतेच तापते. कंटाळा आला म्हणून त्याला फुटाळा तलावात सोडू नका, ते इथले नाही आणि इथल्या कासवांच्या तोंडचे पळवते. चांदणी कासव पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

पक्षी

त्यांचे उलटे असते, ऊब ते स्वतः तयार करतात. तारेवरचा पारवा फुगलेला दिसतो तो जाड झालेला नसतो, पिसांत हवा कोंडून रजई करून बसलेला असतो. मात्र संक्रांतीला मांज्यात अडकून जखमी झालेला पक्षी फार लवकर गारठतो. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात जुने फडके अंथरा, त्याला आत ठेवून झाकण लावा, खोके अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यात ठेवा आणि सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या उपचार केंद्रात न्या. गुंडाळलेला मांजा ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापून तसाच राहू द्या.